स्विमिंग पूलचं गढूळ पाणी: निदान, उपाय आणि सँड फिल्टरची निगा

मे महिन्याची सुट्टी लागली की सोसायटीच्या पूलवर सकाळ-संध्याकाळ मुलांची झुंबड उडते आणि आठवड्या-पंधरवड्यात पाणी धुरकट दिसायला लागतं. ग्रुपवर फोटो पडतो, ऑपरेटरला फोन जातो, तो येऊन क्लोरीन ओततो, वर थोडी तुरटी टाकतो. दोन दिवस बरं दिसतं. रविवार उलटला की पुन्हा तेच.

हे चक्र मोडायचं असेल तर आधी गढूळपणा म्हणजे काय ते नीट समजून घ्यायला हवं. पाण्यात तरंगणारे अतिबारीक कण, एवढाच त्याचा अर्थ. क्लोरीन जंतू मारतं, शेवाळ मारतं. पण मेलेलं शेवाळही कणच असतं आणि ते पाण्यातच राहतं. ते बाहेर काढतो फिल्टर, आणि तळाशी बसलेलं बाहेर काढतो व्हॅक्यूम. औषधांवर जेवढा पैसा आणि चर्चा खर्च होते त्याच्या निम्मी जरी फिल्टरवर झाली, तरी आपल्याकडचे बहुतेक पूल वर्षभर नितळ राहतील असं माझं ठाम मत आहे.

पुढची सगळी गणितं एका नेहमीच्या सोसायटी पूलवर केली आहेत: १५ मीटर लांब, ६ मीटर रुंद, सरासरी खोली १.२ मीटर, ९०० मिलिमीटर व्यासाचा सँड फिल्टर. तुमचा पूल लहान-मोठा असेल तर त्या प्रमाणात आकडे बदला.

तळाची जाळी दिसत नसेल तर पूल बंद

कडेला उभं राहून सर्वांत खोल भागातली मेन ड्रेनची जाळी पाहा. तिच्या पट्ट्या स्पष्ट दिसत नसतील, तर त्या क्षणी पूल बंद करा, गेटला कुलूप लावा आणि कारण लिहून पाटी लावा. इथे कुणाच्याही आग्रहाला बळी पडू नये. धुरकट पाण्यात बुडालेलं मूल कडेवरून दिसत नाही. जीवरक्षक पूलजवळ असूनही शेजारच्या पोहणाऱ्याचा पाय लागेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. वाढदिवसाची पार्टी ठरलेली आहे किंवा वीकेंडला बंगला भाड्याने गेलेला आहे, म्हणून हा नियम वाकवायचा नाही. दुसरी गोष्ट, कणांच्या आडोशाला जंतू क्लोरीनपासून बचावतात, त्यामुळे क्लोरीनचा आकडा बरोबर असला तरी गढूळ पाणी आरोग्याला सुरक्षित धरता येत नाही.

पाणी किती आहे ते आधी काढा

लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये, की घनमीटर मिळतात. आपल्या उदाहरणात १०८ घनमीटर, म्हणजे १ लाख ८ हजार लिटर. मापं फुटांत असतील तर घनफुटांना २८.३ ने गुणा, लिटर मिळतील. ओव्हरफ्लोचा पूल असेल तर काठावरून सांडलेलं पाणी साठणाऱ्या बॅलन्सिंग टँकमधलं पाणीही यात धरा. हा आकडा प्लांट रूमच्या (पंप आणि फिल्टरच्या खोलीच्या) भिंतीवर ऑइल पेंटने लिहून ठेवा. त्यानंतर सगळा हिशोब सोपा आहे: दर हजार लिटरला १ ग्रॅम म्हणजे १ पीपीएम. 'दोन मग टाका', 'अर्धा डबा टाका' ही भाषा तिथेच संपते.

मग तपासणी. बऱ्याच ठिकाणी पाणी पिवळं होणारं स्वस्त ओटीओ किट असतं. ते एकूण क्लोरीन दाखवतं, त्यातलं कामाचं किती आणि घामा-लघवीशी जोडलं जाऊन निकामी झालेलं किती, हे सांगत नाही. त्यासाठी गुलाबी रंगाचं डीपीडी किट घ्या. त्यात मुक्त क्लोरीन आणि एकूण क्लोरीन वेगवेगळं मोजता येतं. दोन्हींतला फरक म्हणजे जोडलेलं क्लोरीन. तो फरक ०.५ पीपीएमच्या वर गेला की डोळे चुरचुरतात आणि पूलला तो ओळखीचा उग्र वास येतो. लोक म्हणतात, 'क्लोरीन फार झालंय'. खरं तर त्या वेळी मुक्त क्लोरीन कमी पडलेलं असतं. एक सावधगिरी: क्लोरीन खूप जास्त झालं असेल तर डीपीडीचा गुलाबी रंग क्षणभर येऊन उडून जातो आणि नळी रंगहीन दिसते. अशा वेळी 'क्लोरीन शून्य आहे' असं समजून आणखी ओतू नका. पूलच्या पाण्यात त्याच्या चौपट साधं पाणी मिसळून पुन्हा मोजा आणि आकड्याला ५ ने गुणा.

आकडे असे हवेत: मुक्त क्लोरीन १ ते ३ पीपीएम (पाण्यात स्टॅबिलायझर असेल तर किमान २), पीएच ७.२ ते ७.६, एकूण अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारे क्षार) ८० ते १२०, कॅल्शियमची कठीणता २०० ते ४००, आणि उघड्यावरच्या पूलमध्ये उन्हापासून क्लोरीन वाचवणारा स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक अ‍ॅसिड, ३० ते ५०.

ग्लासात आणि बादलीत निदान

औषध टाकण्याआधी एक रात्र निदानाला द्या. पूलच्या मधोमध, हात कोपरापर्यंत बुडवून, पांढरी बादली भरून घ्या. पृष्ठभागावरचं पाणी घेऊ नका, तिथे तेल आणि धूळ तरंगत असते. त्यातून काचेचे दोन ग्लास भरा. एका ग्लासात दोन चमचे पांढरं व्हिनेगर घालून ढवळा आणि दोन्ही ग्लास काळ्या कागदासमोर धरा. व्हिनेगरचा ग्लास काही मिनिटांत स्वच्छ झाला आणि दुसरा धुरकटच राहिला, तर तुमचा गढूळपणा चुन्याचा आहे. म्हणजे कठीण पाणी, चढलेला पीएच, आणि पाण्यात न मावलेलं कॅल्शियम कार्बोनेट. पुणे, नगर, संभाजीनगरकडे बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर पूल भरतात, तिथे हे फार आढळतं.

दोन्ही ग्लास सारखेच राहिले तर बादली झाकून ठेवा आणि रात्रभर हलवू नका. सकाळी तळाशी थर बसलेला असेल आणि वरचं पाणी स्वच्छ असेल, तर ती धूळ, माती किंवा बांधकामाची भुकटी आहे. शेजारी टॉवर उभा राहत असेल तर हेच निघणार. पाणी तसंच धुरकट राहिलं, किंवा किंचित हिरवट झाक दिसली, तर शेवाळाची सुरुवात किंवा पोहणाऱ्यांच्या अंगावरून आलेली घाण समजा.

तिसरी तपासणी क्लोरीनची. सूर्य मावळल्यावर मुक्त क्लोरीन मोजा, रात्रभर पंप चालू ठेवा, उन्हं येण्याआधी पुन्हा मोजा. रात्री ऊन नसतं, पोहणारे नसतात, त्यामुळे क्लोरीन फारसं कमी व्हायला नको. १ पीपीएमपेक्षा जास्त घट आली तर पाण्यातलं काहीतरी ते खात आहे, आणि ते बहुधा शेवाळ असतं. पाणी हिरवं दिसायच्या आधी ही तपासणी शेवाळ पकडून देते, म्हणून मला ती सगळ्यांत मोलाची वाटते.

पीएच आणि क्लोरीन, याच क्रमाने

आधी पीएच. पीएच ७.२ असताना मुक्त क्लोरीनपैकी साधारण दोन तृतीयांश भाग जोमदार रूपात असतो, ७.५ ला निम्मा, आणि ८ वर गेल्यावर जेमतेम पाव. चढलेल्या पीएचवर क्लोरीन ओतणं म्हणजे पैसे पाण्यात. पीएच उतरवायला ३० टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. आपल्या पूलसाठी १ लिटरने सुरुवात करा: पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या बादलीत आम्ल हळूहळू सोडा (आम्लात पाणी कधीही नाही), पंप चालू ठेवून इनलेटच्या (फिल्टरमधून पाणी पूलमध्ये परततं त्या तोंडाच्या) समोर खोल बाजूला ओता, चार तासांनी मोजा, लागलं तर पुन्हा. उलट, पावसाळ्यानंतर पीएच आणि अल्कलिनिटी दोन्ही खाली आलेली असतात. तिथे खाण्याचा सोडा चालतो: दर हजार लिटरला १.७ ग्रॅमने अल्कलिनिटी १ पीपीएम वाढते, म्हणजे आपल्या पूलमध्ये २० पीपीएम वाढवायला सुमारे ३ किलो ७०० ग्रॅम. नुसता पीएच वाढवायचा असेल तर धुण्याचा सोडा, तोही थोडाथोडा, कारण एकदम टाकला तर चुना सुटून पाणी आणखी पांढुरकं होतं.

चुन्याच्या गढूळपणावर उपाय इथेच संपतो: पीएच ७.२ वर आणून फिल्टर चालू ठेवायचा. त्यावर क्लोरीनचा मारा करून काही हाती लागत नाही.

शेवाळ किंवा अंगावरची घाण निघाली असेल तर शॉक, म्हणजे क्लोरीनचा एकदम मोठा डोस, द्यायचा. स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्यात मुक्त क्लोरीन १० पीपीएमपर्यंत न्यायचं. १ लाख ८ हजार लिटरला १० पीपीएम म्हणजे १,०८० ग्रॅम क्लोरीन. कॅनमध्ये मिळणाऱ्या १० टक्क्यांच्या हायपोचे (द्रव सोडियम हायपोक्लोराइटचे) ते सुमारे ११ लिटर होतात, किंवा ६५ टक्के कॅल्शियम हायपोक्लोराइटचे सुमारे १ किलो ७०० ग्रॅम. स्टॅबिलायझर ३० असेल तर १२, ५० असेल तर २० पीपीएमपर्यंत जावं लागतं, कारण स्टॅबिलायझर उन्हापासून क्लोरीन वाचवतो तसा त्याचा वेगही कमी करतो. शॉक नेहमी सूर्यास्तानंतर द्या. भिंती, पायऱ्या, शिडीच्या मागची जागा ब्रशने घासून घ्या, शेवाळ तिथेच चिकटून बसतं. क्लोरीन पुन्हा ३ पीपीएमच्या आसपास येईपर्यंत कुणालाही उतरू देऊ नका.

हायपोचा कॅन विकत घेताना भरल्याची तारीख बघा आणि तो सावलीत ठेवा. विदर्भातल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या हायपोची ताकद काही आठवड्यांत बरीच उतरते आणि मोजून टाकलेला डोस अपुरा पडतो. कठीण पाण्याच्या पूलला कॅल्शियम हायपो टाळा, तो चुना आणखी वाढवतो. ग्रामपंचायतीच्या विहिरीत टाकतात ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर स्वस्त म्हणून काही फार्महाऊसवर सर्रास वापरतात. तिच्यात चुना भरपूर असतो आणि तो विरघळत नाही, त्यामुळे गढूळपणा घालवायला टाकलेली पावडरच पाणी गढूळ करते. नाइलाज असेल तर रात्री ड्रममध्ये कालवून ठेवा, साका खाली बसू द्या, सकाळी वरची निवळ तेवढी वापरा.

टीसीसीएच्या, म्हणजे स्टॅबिलायझर असलेल्या क्लोरीनच्या, गोळ्या रोजच्या डोससाठी सोयीच्या आहेत, शॉकसाठी नाहीत. दर १ पीपीएम क्लोरीनमागे त्या सुमारे ०.६ पीपीएम स्टॅबिलायझर पाण्यात सोडतात आणि तो आपोआप जात नाही. वर्षानुवर्षं फक्त गोळ्यांवर चाललेल्या पूलमध्ये स्टॅबिलायझर १०० च्या पुढे जातो. मग किटवर क्लोरीन ३ दिसतं आणि शेवाळ तरीही वाढतं. तो उतरवायचा व्यवहार्य मार्ग म्हणजे थोडं पाणी काढून नवं भरणं.

सुरक्षेचं इथेच सांगतो, कारण यात चूक झाली तर ती जिवावर बेतते. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपो एका डब्यात, एका मापात, एका फीडरमध्ये कधीही नको. दोन्ही एकत्र आले तर आग लागते, स्फोटही होतो. हायपो आणि आम्ल एकत्र आलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोन्हींसाठी वेगळी बादली, वेगळा मग, वेगळी खोली. हातमोजे आणि गॉगल ऑपरेटरला सोसायटीने द्यायचे, त्याने मागायची वाट बघायची नाही.

फिल्टर: खरं काम इथे होतं

सँड फिल्टरच्या टाकीत तळाशी गोट्यांचा थर, त्यात पुरलेले फटींचे पाइप (त्यांना लॅटरल म्हणतात), आणि वर सिलिका वाळूचा जाड थर असतो. पाणी वरून येतं, वाळूतून झिरपतं, लॅटरलमधून निघून पूलमध्ये परततं. चांगल्या स्थितीतली वाळू २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचे कण अडवते. त्याहून बारीक कण सुटतात, म्हणूनच पुढे तुरटीची गरज पडते.

पहिला प्रश्न, पंप किती तास चालतो? आपल्या पूलचा पंप तासाला १८ घनमीटर पाणी ओढत असेल तर पूर्ण पूलइतकं पाणी फिरायला ६ तास लागतात. पण फिल्टर झालेलं पाणी न झालेल्यात मिसळत राहतं, त्यामुळे एका फेरीत साधारण ६३ टक्केच पाणी खरोखर फिल्टरमधून जातं. दोन फेऱ्यांत ८६, तीन फेऱ्यांत ९५. वीजबिल वाचवायला पंप ४ तासांवर आणणाऱ्या सोसायटीने हे आकडे सर्वसाधारण सभेत एकदा मांडावेत. रोजच्या गर्दीच्या पूलला १२ ते १८ तास हवेत, आणि पाणी गढूळ असताना पंप दिवसरात्र चालायला हवा.

दुसरा प्रश्न, प्रेशर गेज चालतं का? पंप बंद करा; काटा शून्यावर आला नाही तर गेज बदला. ते स्वस्त आहे आणि फिल्टरच्या पोटात काय चाललंय ते सांगणारं दुसरं काही तुमच्याकडे नाही. बॅकवॉश (वाळूतून उलट दिशेने पाणी सोडून मळ बाहेर काढणं) करून फिल्टर नुकता सुरू केल्यावर जो दाब असतो तो 'स्वच्छ दाब'. तो मार्करने गेजच्या शेजारी लिहा. त्याच्या वर ८ ते १० पीएसआय, म्हणजे ०.५ ते ०.७ बार, चढला की बॅकवॉशची वेळ झाली. दाब स्वच्छ दाबाच्या खाली गेला तर दोष पंपाच्या आधी आहे: पंपाच्या तोंडची केस-कचरा अडवणारी बास्केट तुंबली, व्हॉल्व्ह अर्धवट बंद राहिला, किंवा पाइपमध्ये हवा शिरते. इनलेटमधून बुडबुडे येत असतील तर हवाच. पंपाच्या झाकणाची ओ-रिंग काढून पुसा, चीर असेल तर बदला, सिलिकॉन ग्रीस लावून बसवा.

बॅकवॉश असा करा:

१. पंप बंद. हेअर-लिंट स्ट्रेनर (पंपाची तीच बास्केट) साफ करायचा, पण प्लांट रूम पूलच्या पातळीखाली असेल तर आधी सक्शन आणि डिलिव्हरी दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, मगच झाकण उघडा. नाहीतर पूल प्लांट रूममध्ये येतो आणि मोटर पाण्यात बसते. बास्केट तुंबलेली ठेवून केलेला बॅकवॉश निम्म्या जोराचा होतो.

२. पंप बंद असतानाच मल्टिपोर्टचा (पाण्याची वाट बदलणाऱ्या व्हॉल्व्हचा) दांडा दाबून 'बॅकवॉश'वर आणा. चालू पंपावर दांडा फिरवला की आतलं गास्केट फाटतं.

३. बंद केलेले व्हॉल्व्ह उघडा, वेस्टचा (पाणी बाहेर टाकणाऱ्या पाइपचा) व्हॉल्व्ह उघडा आहे ना बघा, पंप चालू करा आणि साइट ग्लासवर (जाणारं पाणी दिसतं त्या काचेवर) नजर ठेवा. पहिले काही सेकंद पाणी स्वच्छ दिसेल, मग एकदम मातकट लोट येईल, मग ते फिकट होत जाईल. ते पूर्ण नितळ होईपर्यंत चालवा, सहसा २ ते ३ मिनिटं. पहिल्या स्वच्छ पाण्याला फसून बंद करू नका.

४. पंप बंद, दांडा 'रिन्स'वर, पुन्हा अर्धा ते एक मिनिट. ही पायरी गाळली की सैल झालेली घाण थेट पूलमध्ये येते, आणि लोक म्हणतात बॅकवॉश केल्यावरच पाणी बिघडलं.

५. पंप बंद, दांडा 'फिल्टर'वर, पंप चालू, दाब वहीत लिहा.

रोज सकाळी सवयीने बॅकवॉश करणारे ऑपरेटर बरेच आहेत. मेहनत प्रामाणिक असते, पण तोटा होतो. वाळूत थोडा मळ अडकला की कणांमधल्या फटी अरुंद होतात आणि ती जास्त बारीक कण पकडते. अगदी धुतलेली वाळू त्या मानाने कमी पकडते. शिवाय प्रत्येक वेळी सात-आठशे लिटर पाणी जातं. टँकरवरच्या सोसायटीला हे परवडत नाही. दाब बघून करा. गर्दीच्या पूलमध्ये दाब चढला नाही तरी आठवड्यातून एकदा करा, कारण साचलेल्या मळात जंतू वाढतात. बाहेर पडलेलं पाणी टाकीत साठवून क्लोरीन उडू द्या, मग आवार धुवायला वापरता येईल.

आता अवघड प्रकार: दाब अगदी व्यवस्थित, क्लोरीन व्यवस्थित, पंप दिवसरात्र चालू, तरी पाणी धुरकट. अशा वेळी पाणी वाळूला वळसा घालून जात असतं. पंप चालू आणि दांडा 'फिल्टर'वर असताना वेस्टच्या पाइपच्या तोंडाशी जा. तिथे थेंब थेंब पाणी गळत असेल तर मल्टिपोर्टमधलं चाकाच्या आऱ्यांसारखं स्पायडर गास्केट खराब आहे, आणि त्याच वाटेने न गाळलेलं पाणी पूलमध्येही जात असणार.

गास्केट ठीक असेल तर टाकी उघडा. पंप बंद, व्हॉल्व्ह बंद, एअर रिलीजमधून दाब सोडून झाकण काढा. वाळू सपाट दिसायला हवी. एका कडेला खड्डा किंवा मध्ये विहिरीसारखी भोकं दिसली तर पाण्याने वाट पाडली आहे. वरून चार बोटं खोल हात घालून मूठभर वाळू काढा आणि तळहातावर चोळा. चांगली वाळू करकरते, कण सुटे राहतात. हाताला चिकट, काळपट थर लागला तर तो अंगावरच्या मळाचा आणि तेलाचा. आपल्याकडे डोक्याला खोबरेल चोपडून पोहायला उतरायची सवय आहे आणि ते तेल शेवटी वाळूत येऊन बसतं. पूलच्या टाइल्सवर पाण्याच्या रेषेला जी काळी कड दिसते ती याचीच. चिकट वाळू फिल्टर क्लीनरमध्ये रात्रभर भिजवून सकाळी लांब बॅकवॉश घेतात. कठीण पाण्याच्या भागात हाताला सुट्या कणांऐवजी खडे लागतात, कधी तर सगळी वाळू सिमेंटच्या लादीसारखी घट्ट झालेली असते. खडे थोडे असतील तर हाताने फोडून बॅकवॉश द्या. लादीच झाली असेल तर वाळू बदलणं हाच उपाय.

पूलच्या तळाशी इनलेटसमोर वाळूचे कण सापडले तर लॅटरल फुटला आहे. काही घरगुती पूलला वाळूऐवजी घड्या घातलेल्या कापडाचे कार्ट्रिज फिल्टर असतात; ते काढून घड्यांमधून वरून खाली पाण्याचा फवारा मारायचा, तेलकट असतील तर क्लीनरमध्ये रात्रभर बुडवायचे, आणि कापड झिजलं की बदलायचे.

ओव्हरफ्लो पूलवाल्यांनी बॅलन्सिंग टँकचं झाकण कधी उघडलं होतं ते आठवावं. त्या अंधाऱ्या टाकीच्या तळाशी चिखल साचतो आणि तिथूनच पंप पाणी ओढतो. ती वर्षातून दोनदा रिकामी करून घासून काढा. टाकीत उतरण्याआधी झाकण उघडून हवा खेळू द्या आणि माणूस एकटा उतरवू नका.

तुरटी: कधी आणि कशी

क्लोरीन जागेवर आलं, रात्रीची घट थांबली, फिल्टर ठीक आहे, आणि तरीही बारीक धुरकटपणा उरला, तर तुरटी. आधी नाही. जिवंत शेवाळावर तुरटी टाकली तर ते दोन दिवसांत पुन्हा वाढतं.

पीएच ७.२ ते ७.६ मध्ये हवा. ८ च्या वर तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम पाण्यात विरघळून राहतं आणि पीएच उतरला की तेच ढग बनून बाहेर येतं. मात्रा दर हजार लिटरला १५ ते २० ग्रॅम, म्हणजे आपल्या पूलला दीड ते दोन किलो. खडे पूलमध्ये भिरकावू नका. चुरा करून बादल्यांमध्ये पूर्ण विरघळवा आणि संध्याकाळी कडेकडेने चालत सगळीकडे सारखं शिंपडा. पूल आधी काठोकाठ भरून घ्या, सकाळी पाणी उतरणार आहे. मल्टिपोर्ट 'रीसर्क्युलेट'वर ठेवून तासभर फिरवा, मग पंप बंद. पाणी १० ते १२ तास अजिबात हलता कामा नये.

सकाळी तळाशी पांढरट मऊ गालिचा दिसेल आणि वरचं पाणी आरपार. आता घाई करू नका. दांडा 'वेस्ट'वर ठेवा, म्हणजे गाळ फिल्टरला न शिवता बाहेर जाईल. व्हॅक्यूमचं डोकं उथळ बाजूने सुरू करून अगदी संथ ओढा. झटका दिला की गालिचा उठतो, पाणी पुन्हा धुरकट होतं आणि आणखी एक रात्र थांबावं लागतं. वेळेची बचत म्हणून हा गाळ फिल्टरमधून घेतला तर वाळूच्या वरच्या थरावर चिकट पापुद्रा धरतो आणि दाब झपाट्याने चढतो. काम झाल्यावर अल्कलिनिटी मोजा, इतक्या तुरटीने ती सुमारे ५ ते १० पीपीएमने खाली येते.

पूल बंद ठेवणं शक्य नसेल आणि धुरकटपणा अगदी हलका असेल तर क्लॅरिफायर. ते थोड्या मात्रेत टाकायचं, बारीक कणांचे जरा मोठे पुंजके होतात आणि फिल्टर ते पकडतो. त्याला दोन-तीन दिवस लागतात. लेबलवरच्या मात्रेपेक्षा जास्त टाकलं तर उलटा परिणाम होऊन पाणी आणखी धुरकट होतं.

मोरचुदाबद्दलही लिहायला हवं. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी वापरतात तेच निळे खडे शेवाळावर म्हणून पूलमध्ये टाकतात आणि पाणी सुंदर निळं दिसतं, त्यामुळे सगळे खूश. पण तांबं पाण्यात साठत जातं, टाइल्सच्या सांध्यांवर हिरवट-काळे डाग पडतात, पिकलेल्या किंवा रंगवलेल्या केसांना हिरवी छटा येते. क्लोरीन नीट सांभाळलं तर याची गरज पडत नाही.

कोकण-गोवा, पावसाळा आणि रंगपंचमी

जांभ्याच्या पट्ट्यात, म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंत, विहिरीच्या पाण्यात लोह असू शकतं. भरताना पाणी स्वच्छ दिसतं आणि क्लोरीन टाकल्यावर तासाभरात चहाच्या रंगाचं होतं. घाबरू नका, विरघळलेलं लोह गंजून बाहेर आलेलं असतं. पाणी टाकून देऊ नका. क्लोरीन चालू ठेवा, वर सांगितल्याप्रमाणे तुरटी देऊन तळ वेस्टला काढा. लोहासाठी फिल्टरला वरचेवर बॅकवॉश लागेल.

पावसाळ्यात लोणावळा-कर्जतच्या बंगल्यांवर पाहुण्यांची गर्दी आणि कोसळणारा पाऊस एकदमच येतो. पावसाचं पाणी जवळजवळ क्षाररहित असतं, त्यामुळे एका जोरदार रात्रीनंतर क्लोरीन आणि अल्कलिनिटी दोन्ही पातळ होतात. त्या दिवसांत तपासणी दिवसातून दोनदा. कडेच्या लॉनवरून वाहणारं मातीचं पाणी पूलमध्ये येऊ न देणारी चर आधीच, मे महिन्यात, खणून घ्या. माती एकदा आत आली की तिच्यासाठी पुन्हा तुरटी आणि व्हॅक्यूम आलंच.

रंगपंचमीला पूल बंद ठेवणं हेच शहाणपण. रंगाची भुकटी फिल्टरमधून सुटण्याइतकी बारीक असते आणि ग्राउटमध्ये मुरते. इतर दिवशी पूलमध्ये उतरण्याआधी साबणाची अंघोळ सक्तीची करा. पाटी लावून भागत नाही, शॉवर पूलच्या वाटेवर हवा.

वाळू बदलताना

सँड फिल्टरची वाळू साधारण ५ ते ७ वर्षं टिकते, कठीण पाण्यात त्याहून कमी. कण घासून गोल होतात आणि पकड सुटते. बांधकामाची किंवा नदीची वाळू चालत नाही, तिच्यात माती आणि नको त्या आकाराचे कण असतात. फिल्टरसाठीची, चाळलेली, ०.४ ते ०.८ मिलिमीटरची सिलिका वाळूच घ्या. किती किलो वाळू आणि किती गोटे हे टाकीवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं.

जुनी वाळू काढताना फावडं वापरू नका, लॅटरल प्लास्टिकचे असतात. वरची वाळू प्लास्टिकच्या मगाने, शेवटची हाताने. वाळूची बारीक धूळ फुप्फुसात जाते, म्हणून मास्क हवा आणि वाळू ओली ठेवा. टाकी रिकामी झाली की प्रत्येक लॅटरल बोटांनी चाचपून बघा. केसाएवढी चीर असली तरी बदला, नाहीतर हे सगळं काम महिन्याभरात पुन्हा करावं लागेल. मधल्या उभ्या पाइपच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधा, आत एकही कण पडता कामा नये. मग टाकी निम्मी पाण्याने भरा, म्हणजे वरून पडणाऱ्या गोट्यांचा मार लॅटरलला बसत नाही. आधी गोटे हाताने पसरा, लॅटरल झाकले जाऊ द्या, मग वाळू. वर ठरलेली मोकळी जागा सोडा. गळ्यापर्यंत भरली तर बॅकवॉशला वाळू उचलायला वाव राहत नाही आणि ती वेस्टमधून वाहून जाते.

पिशवी काढा, झाकण बसवा, आणि पहिल्यांदा 'फिल्टर'वर कधीही चालू करू नका. नव्या वाळूची धूळ पूलभर पसरेल. आधी साइट ग्लास नितळ होईपर्यंत बॅकवॉश, मग एक मिनिट रिन्स, मग फिल्टर. काटा स्थिरावला की गेजशेजारचा जुना आकडा पुसून नवा स्वच्छ दाब लिहा, आणि त्याखाली वाळू बदलल्याचा महिना आणि वर्ष.